घासलेला नंबर

वाल्मिक तात्याच्या हाताखाली शिकायचं म्हणजे आधी त्याचं खोटं पचवायला शिकायचं. सुरतच्या लिंबायतमध्ये यंत्रांचे बोर्ड दुरुस्त करणारे जेवढे म्हणून आहेत, त्यातले निम्मे तरी त्याच्या टेबलावर सोल्डरचा धूर खाऊन मोठे झाले, आणि त्यातल्या एकालाही त्याने कधी सरळ नंबर सांगितला नाही. इथे कोणती चिप बसवू, असं विचारलं की तो चष्म्याच्या वरून बघायचा, गोड आवाजात एक नंबर सांगायचा, आणि तो हटकून उलटा निघायचा. शिकणारा बिचारा विश्वासाने तो बसवायचा, करंट द्यायचा, चिपमधून धूर निघायचा आणि दुकानात चहा पीत बसलेली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायची. तात्या मात्र हसायचा नाही. आता जन्मात विसरणार नाहीस, एवढंच म्हणायचा. याला तो विद्यादान म्हणायचा, आणि गंमत म्हणजे त्याचे जुने चेलेही तसंच म्हणायचे.

त्याची दुसरी रीत घासण्याची. बोर्डावर नवी चिप बसवली की बारीक पॉलिश पेपर घेऊन तिच्या पाठीवरचा नंबर तो घासून टाकायचा. पुढे ती जळली, तर ती कोणती होती हे दुसऱ्या कारागिराला कळू नये आणि गिऱ्हाइकाने झक मारत परत त्याच्याच दारात यावं, एवढाच त्यातला हिशेब. धंद्यात थोडंफार सगळेच घासतात. तात्याचं बोर्ड उघडलं की मात्र आत एकाही चिपला नाव नसायचं, सगळ्या आंधळ्या.

रंजना त्याच्या टेबलावर आली ती लग्नानंतर. शिरपूरला आयटीआय केलेलं होतं, हात स्थिर होता आणि नवरा अडवणारा नव्हता. कुंदन तिला स्वतः तात्याकडे घेऊन गेला होता. दुकानात बाई म्हणून ती एकटीच, त्यामुळे तिच्या वाट्याला तात्याचं विद्यादान जरा जास्तच आलं. सुरुवातीला ती फसली, रडली, पुन्हा फसली. मग एकदा तिने ठरवलं की तात्याला विचारायचंच नाही, आपण मीटर लावून शोधायचं. एका लूमच्या बोर्डाची एकेक वाट तिने मोजली, विचार केला आणि एका नंबरावर आली. तेवढ्यात तात्याने आपण होऊन तोच नंबर सांगितला. तिला इतका आनंद झाला की तिने दुसऱ्यांदा मोजलंसुद्धा नाही. बोर्ड भडकन पेटलं. तिचं मोजमाप कुठे चुकणार हे तात्याला आधीच दिसलं होतं, आणि ती ज्या खड्ड्याकडे निघाली होती त्याच खड्ड्याकडे त्याने तिला हळूच ढकललं होतं. त्या दिवशी दुकानभर जे हसं झालं ते तिच्या कानात कितीतरी महिने घुमत राहिलं.

तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. तात्या जो नंबर सांगेल त्याचा जोडीदार उचलायचा. या जातीच्या चिपा बहुधा जोडीनेच येतात. दिसायला सारख्या, पाय सारखे, स्वभाव उलटा. तात्याने एक म्हटलं की तिने दुसरी लावायची. हा नियम तिला एकदाही दगा देऊन गेला नाही. तात्याच्या खोट्यावर एवढा भरवसा ठेवणारं माणूस सगळ्या सुरतेत दुसरं सापडलं नसतं.

पुढे तिने त्याचं दुकान सोडलं आणि एका शिंप्याच्या गाळ्यात अर्ध्या जागेत स्वतःचं टेबल मांडलं. ती चिपेचा नंबर गिऱ्हाइकाला तोंडाने सांगायची, बोर्ड वेळेवर द्यायची, त्यामुळे हळूहळू कारखान्यांची माणसं तात्याच्या दारावरून पुढे तिच्याकडे यायला लागली. नंबर घासायची सवय मात्र तिच्याही हातातून गेली नव्हती. शिकलेलं कुठे जातं? तात्या यावर अवाक्षर बोलला नाही. रस्त्यात भेटला तर उलट चौकशी करायचा, बेटा म्हणायचा. रंजनाने तेव्हाच घाबरायला हवं होतं, पण तिला वाटलं म्हातारा निवळला.

कुंदन हसमुखभाईंच्या कारखान्यात कामाला होता. तिथे साड्यांची कॅटलॉगं बनत. व्यापारी गावोगावच्या दुकानांना कापडाचे नमुने पाठवतात, कडेला करवतीसारखी नक्षी असलेले छोटे छोटे चौकोन. ते चौकोन कापायचं यंत्र कुंदनच्या हाताखाली होतं. कापडाची जाड थप्पी लावायची, पायाने पट्टी दाबायची, की वरून दातेरी जड पातं खाली येतं आणि सगळी थप्पी एका दमात कापतं. पात्याच्या समोर आडव्या किरणांचा न दिसणारा पडदा होता. पातं खाली येत असताना त्या पडद्यात हात शिरला, की पातं जागच्या जागी थांबे. कामगार त्याला चौकीदार म्हणत. आणि चौकीदार आहे म्हटल्यावर कोण कशाला जपतो? पायाने पट्टी दाबता दाबता वरच्या कापडाची शेवटची सुरकुती डाव्या हाताने सारखी करायची, ही तिथल्या सगळ्यांचीच सवय होती. त्याने काम भराभर उरकतं. कुंदनचा हात तर त्यात इतका सराईत होता की हसमुखभाई नवीन माणसांना त्याच्याजवळ उभं करून दाखवायचे.

या यंत्राचं बोर्ड काही वर्षांपूर्वी तात्यानेच बनवून दिलेलं होतं. एका सकाळी विजेचा झटका आला आणि ते गेलं. हसमुखभाई तात्याकडेच निघाले होते, पण कुंदनने त्यांना थांबवलं. तात्या दोन दिवस लटकवेल, माझी बायको आजच करून देईल, असं त्याने सगळ्यांच्या देखत सांगितलं. त्याच दिवशी माल ट्रान्सपोर्टला जायचा होता. हसमुखभाईंनी मान हलवली आणि कुंदन बोर्ड छातीशी धरून बायकोच्या गाळ्यात आला. त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघून शिंपीसुद्धा हसला.

दोष शोधायला रंजनाला वेळ लागला नाही. सोळा पायांची एक चिप गेली होती, ॲनालॉग स्विच. तिच्या पोटात चार दारं असतात. चौकीदाराच्या डोळ्याकडून येणारा बारीकसा करंट त्या दारांतून पुढे जातो. इशारा मिळाला की दार उघडतं किंवा मिटतं. एवढंच तिचं काम. चिपेच्या पाठीवर अर्थातच काही नव्हतं. मोजून बघता ती दोनच नंबरांपैकी एक असणार हे रंजनाला कळलं, दोनशे एक किंवा दोनशे दोन. सख्खे जुळे भाऊ. एकाच्या जागी दुसरा बसतो, तेवढेच व्होल्ट खातो, काही जळत नाही. फरक इतकाच, की इशारा आल्यावर दोनशे दोनचं दार उघडतं आणि दोनशे एकचं मिटतं.

तिने बोर्डावरच्या वाटा धुंडाळल्या. इशारा पात्याकडून येत असावा, म्हणजे पातं खाली यायला लागलं की चौकीदाराचा डोळा जोडला जावा, म्हणजे दोनशे दोन. असावा, असंच म्हणता येत होतं. खात्री करायची तर कारखान्यात जाऊन यंत्राचं बाजूचं झाकण खोलून, मोठं चाक हाताने फिरवून, पातं उतरताना तारेवर काय येतं ते मोजायला हवं होतं. त्यात दिवस मोडला असता. हसमुखभाईंचे फोनवर फोन येत होते. शेवटी ते स्वतःच आले आणि म्हणाले, एवढं काय त्यात, ज्याने बनवलं त्यालाच विचारू. कुंदनचं तोंड उतरलं. पण रंजना लगेच उठली, कारण तात्याला विचारणं हा तिच्या दृष्टीने मोजण्याइतकाच पक्का उपाय होता. तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि उलटं करायचं.

तात्याच्या दुकानात नेहमीचीच मंडळी बसली होती. रंजनाला बघून तो उठला आणि त्याने तिला खुर्ची दिली, जी तिथे शिकत असताना तिला कधी मिळाली नव्हती. हसमुखभाईंसाठी चहा मागवला. जळकी चिप हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि आपलाच जुना मित्र भेटावा तसा तिच्याकडे बघून हसला.

"दोनशे दोन," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आयकं का बेटा? दोनशे दोनच लाव. दोनशे एक लावू नको, घात व्हई जाई." मग हसमुखभाईंकडे वळून, "सेठ, आप भी सुन लो. मैंने दो सौ दो बोला है."

हसमुखभाई खूश झाले. कुंदन खूश झाला. एवढ्या सरळ शब्दांत सांगितलेला नंबर लहान मुलानेही डोळे मिटून लावला असता. पण रंजना लहान मूल नव्हती, ती तात्याची चेली होती. तिला तो जुना दिवस आठवला, पेटलेलं बोर्ड आठवलं. तिचं मोजमाप दोनशे दोन सांगत होतं आणि तात्याही दोनशे दोन सांगत होता, अगदी तेव्हासारखंच. आणि तेही सेठच्या समोर, चार गिऱ्हाइकांच्या समोर. म्हणजे या खेपेला त्याला तिचं नाक सेठच्या देखतच कापायचं आहे, असा तिने अर्थ लावला. शिवाय दोनशे एक लावू नको, असं त्याने बजावून सांगितलं होतं. तात्याने एखाद्या गोष्टीला नको म्हणावं आणि ती बरोबर नसावी, असं त्या दुकानात कधी झालं नव्हतं.

वाटेत कुंदन म्हणाला की म्हातारा आज एकदम माणसात आला. ती नुसतीच हसली. माणसात आला! या माणसाला कुंदन अजून ओळखत नाही, असं तिला वाटलं, आणि आपण पक्कं ओळखतो याचा तिला थोडा गर्वही झाला.

गाळ्यात येऊन तिने डब्यातून दोन्ही चिपा काढल्या. दोनशे दोन परत ठेवली आणि दोनशे एक बसवली. सोळा पायांना सोल्डर लावलं, पाठ पॉलिश पेपरने घासली आणि बोर्ड नवऱ्याच्या हातात दिलं. कोणती चिप लावली, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

कारखान्यात ती स्वतः गेली. बोर्ड बसवलं, यंत्र सुरू केलं. पातं वर उभं होतं. कुंदनने पडद्यात हात घातला आणि लाल दिवा लागला, घंटी वाजली. सगळ्यांनी वा वा केली. मग तो थप्पी लावायला लागला तेव्हाही दिवा लागला. एक जुना कामगार म्हणाला की आधी असं नव्हतं, आधी कापड लावताना दिवा कधी लागायचा नाही. हसमुखभाई म्हणाले, अच्छा ही है, चौकीदार और तेज हो गया. लोक हसले, आणि कुणीतरी कुंदनच्या पाठीत थाप मारली.

आधी असं नव्हतं. रंजनाच्या मनात हे एक क्षण काट्यासारखं टोचलं. पातं वर असताना चौकीदार जागा, मग खाली येताना काय? लाकडाची एक पट्टी पडद्यात धरून पातं चालवून बघायचं, एवढंच करायचं होतं. जवळच कापड मोजायची पट्टी पडलेली होती. तिने तिच्याकडे पाहिलंही. पण सगळे कौतुकाने बघत होते, कुंदन भर गर्दीत बायकोकडे बघून हसत होता, आणि आता पट्टी मागितली असती तर तिचा स्वतःच्याच कामावर विश्वास नाही असं दिसलं असतं. जुनी चिपच अर्धमेली झाली असेल, म्हणून दिवा लागत नसेल, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो. ती घरी निघून आली.

संध्याकाळचं पीठ मळायला घेतलं होतं तेव्हा निरोप आला. कुंदनने थप्पी लावली, हात बाहेर घेतला, दिवा विझला. त्याने पायाने पट्टी दाबली, पातं निघालं, आणि सुरुवातीपासून करत आला होता तसाच तो डाव्या हाताने वरची सुरकुती काढायला गेला. पातं थांबलं नाही. अंगठा सोडून चारही बोटं गेली. कापडाच्या थप्पीसोबत तीही करवतीच्या नक्षीत कापली गेली, असं सांगायला आलेला माणूस म्हणाला, आणि हे सांगायचं नव्हतं हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

दवाखान्यात सासू सरलाबाई आधीच पोचल्या होत्या. त्या रंजनाशी बोलल्या नाहीत. शेजारच्या खाटेजवळच्या बाईला मात्र ऐकू जाईल असं म्हणाल्या, की बाईमाणसाने जोडलेल्या यंत्राने माझ्या लेकाचा हात खाल्ला. कुंदन शुद्धीवर नव्हता. रंजना कोपऱ्यात उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दोनशे दोन. तात्या खरं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या आला. हातात केळी होती, तोंडावर दुःख होतं. वॉर्डच्या बाहेरच्या व्हरांड्यात त्याने तिला गाठलं, इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून काहीतरी काढून तिच्या मुठीत ठेवलं, प्रसाद द्यावा तसं. तिने मूठ उघडली. तिनेच पाठ घासलेली चिप होती.

हसमुखभाईंनी सकाळी यंत्र बघायला त्यालाच बोलावलं होतं. त्याने चिप काढली, घरी जाऊन तपासली, दोनशे दोन बसवली, तिचीही पाठ घासली आणि यंत्र चालू करून दिलं. सेठला काय सांगायचं ते अजून सांगितलं नव्हतं. हे सगळं तो एखाद्या घरगुती कामाबद्दल बोलावं तसं शांतपणे सांगत होता.

"तात्या, या टाइमले तुमी खरं कसं काय सांगं?" तिने विचारलं.

"मी सांगस त्यानं उलटं तू करस. हाई माले ठाऊक नही का?" तात्या म्हणाला. "तुले मीच शिकाडेल शे."

तो पुढेही बोलला. त्याला वाटलं होतं की यंत्र अडखळेल, घंटी नको तेव्हा वाजेल, दोन दिवसांत सेठ कंटाळून बोर्ड घेऊन त्याच्याकडे येईल, आणि गुरूने चारचौघांत सांगितलेला नंबर बाईने ऐकला नाही हे सगळ्या लिंबायतला कळेल. बस्स, एवढंच. हाताचं म्हणशील तर ज्याच्या त्याच्या नशिबाचं. असं म्हणून त्याने खांदे उडवले. त्या माणसाला तुटलेली बोटं दिसतच नव्हती, आपण किती अचूक निघालो एवढंच दिसत होतं. रंजनाला वाटलं त्याच्या चष्म्यावर थुंकावं. पण थुंकून सांगायचं काय होतं? की याने मला खरं सांगून फसवलं? कुणी ऐकलं असतं ते?

"आते कोणले ठाऊक शे? तुले आन् माले," तात्या म्हणाला. "तुले जे सांगनं व्हई ते सांग. मी तुना शब्द मोडाव नही."

आत हसमुखभाई आले होते. कुंदन शुद्धीवर होता, उशीला टेकून बसला होता, पांढऱ्या पट्ट्यांचा मोठा गोळा मांडीवर घेऊन. सरलाबाई पायथ्याशी होत्या. हसमुखभाईंना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि त्यांनी ती आडपडदा न ठेवता विचारली. तात्याने जो नंबर सांगितला होता तोच लावला होता का? कारण त्यावरच सगळं ठरत होतं. बोर्ड चुकीचं जोडलं असेल तर ते काम त्यांनी करून घेतलं होतं, कामगाराचा त्यात दोष नाही, त्याच्या हाताची भरपाई त्यांना द्यावी लागेल. आणि बोर्ड बरोबर असेल, तर कामगाराने स्वतःच चालत्या पात्यात हात घातला. असं ते हिंदीत, गुजरातीत, समजावून समजावून सांगत होते.

रंजनाला दोन्ही रस्ते लख्ख दिसले. खरं सांगितलं तर कुंदन निर्दोष ठरत होता, त्याच्या पोटाची सोय होत होती, आणि त्याचा हात तिने तोडला हे त्याला कळत होतं. गुरूने सांगितलेला बरोबर नंबर बाजूला ठेवून, मुद्दाम, हाताने दुसरा उचलून. यापुढे तो रोज सकाळी उठून आधी त्या हाताकडे आणि मग तिच्याकडे बघणार होता. खोटं सांगितलं तर भरपाई जात होती आणि दोष त्याच्या माथी राहत होता. सगळे तिच्याकडे बघत होते. सासूचे डोळे तर तिच्या तोंडातून शब्द ओढून काढत होते.

कुंदननेच विचारलं, अगदी हळू. "तात्यानी सांगा तोच नंबर लावा व्हता ना तू?"

चिप तिच्या मुठीत होती. चिपेचे पाय तळहाताला टोचत होते.

"हा," ती म्हणाली. "तोच लावा व्हता."

हसमुखभाईंनी तात्याकडे पाहिलं. तात्याने सावकाश मान हलवली. त्याने आज स्वतः बघितलं होतं, दोनशे दोनच होती, पोरीचं काम चोख होतं, चौकीदारही जागा होता. आता पातं एवढं जड, एखाद्याने फारच उशिरा हात घातला तर चौकीदार तरी काय करणार? हे सांगताना त्याच्या आवाजात इतकी हळहळ होती की शेजारच्या खाटेजवळची बाईसुद्धा चुकचुकली. हसमुखभाईंनी सुटकेचा श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू गेला. औषधाचा खर्च मी बघतो, बाकी नशीब, असं म्हणून ते उठले आणि लगबगीने निघून गेले.

रंजनाने तोंड उघडलं. अजून वेळ होता. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, हाक मारली असती तर ते थांबले असते. तिने हाक मारली नाही.

कुंदनच्या चेहऱ्यावर मग जे आलं ते रंजनाने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याला बरं वाटलं होतं. कालपासून त्याच्या जिवाला जे खात होतं ते बायकोवरचा संशय होता, आणि तो फिटला होता.

"मंग मनीच चूक," तो म्हणाला. "मीच घाई करी. माय, तिले काही बोलू नको."

सरलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि कालपासून पहिल्यांदाच सुनेला जवळ बस म्हणाल्या. तात्याने केळी खाटेवर ठेवली आणि निघतो म्हणाला. कुंदनने नमस्कार करायला दोन्ही हात उचलले, एक अर्ध्यावरच दुखला आणि खाली पडला. उरलेला त्याने कपाळाला लावला.

"रंजना, तात्याना पाया पड," तो म्हणाला. "त्यासनी तुनं नाव राखं."

ती उठली. चिप अजून मुठीतच होती, त्यामुळे तिला मूठ उघडता आली नाही. तिने तशीच बंद मूठ तात्याच्या पायांना लावली, आणि तात्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला आशीर्वाद दिला.